डाव्या बाजूचा ओरखडा

१

दिवा गावातल्या नयन भगतच्या गॅरेजात मागच्या भिंतीशी एक मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. अमृता शिरसाटने ताडपत्री खाली ओढली आणि हातातल्या फोटोकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग चष्मा ओढणीला पुसून, गाडीपाशी उकिडवी बसून परत पाहिलं.

फोटोत इंजिनाच्या डाव्या झाकणावर एक लांबलचक पांढरा ओरखडा होता. गाडीवर तो नव्हता.

अमृता विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. ऑफिस ठाण्यात, घर कल्याणात आणि काम या दोहोंच्या मधल्या सगळ्या रस्त्यांवर. नुकसान फुगवून सांगणारे लोक तिला रोज भेटत. क्लेमसाठी गाडीवर मुद्दाम ओरखडे पाडणारेही भेटत. पण क्लेम पास व्हायच्या आधीच कुणी ओरखडा गायब केलाय, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

गाडी सर्वेश घाडीची होती. चोविशीतला पोरगा, राहायला डोंबिवलीला, नोकरीला ठाण्यात. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी घरी परतताना, शीळफाट्याच्या पुढे मेट्रोच्या खोदकामाने रस्ता अरुंद झालाय तिथे तो दुभाजकावर आपटला आणि गेला. रस्त्यावर खडी सांडलेली, दुसरी गाडी कुणी पाहिली नाही, म्हणून घसरून पडला असं ठरलं. फोटो पोलिसांनी जागेवरच काढला होता. त्यात गाडी उजव्या कुशीवर पडलेली होती आणि डावी बाजू आभाळाकडे.

"नयन, जरा बाहेर ओढ ही."

नयनने गाडी उजेडात आणली. उजवी बाजू होती तशीच होती. सायलेन्सर खरवडलेला, ब्रेकचं पेडल वाकलेलं, हँडलचं टोक झिजून सपाट झालेलं. सगळ्यावर त्या रस्त्याची वाळलेली माती. डावीकडे मात्र मळकट टाकी, मळकट चाक आणि मधोमध ते झाकण, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं स्वच्छ.

"हे कुणी केलं?"

"काय कुणी केलं?" नयन पुढे वाकला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आयला. इथं तर मार होता."

"होता ना? तुलाही आठवतो."

"पडल्यावर लागतोच मार, मॅडम."

"पडला उजवीकडे. रस्ता उजवीकडे होता, दुभाजक उजवीकडे होता." अमृताने फोटोतल्या त्या पांढऱ्या रेघेवर नख टेकवलं. "मग डावीकडे त्याला कोण घासून गेलं?"

२

नयन दिव्याचाच, आगरी घरातला. सर्वेश त्याचा गिऱ्हाईक कमी आणि दोस्त जास्त. प्रश्न ऐकून तो स्टूलवर बसला आणि पान्याशी चाळा करू लागला.

"मी हात नाय लावला, मॅडम. आईशप्पथ."

"गाडीला गिऱ्हाईक आलं होतं का?"

तो दचकला. "एक जण आलेला. मी सर्वेशच्या ताईला विचारलं, ती नाय बोलली. विषय तिथंच संपला."

कोपऱ्यात बफिंगची मशीन होती, तिच्या कापडी चाकाला काळं पॉलिश माखलेलं. शेजारच्या फळीवर नयनने चमकवलेलं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं झाकण पडलं होतं. अमृताने ते उचलून खिडकीपाशी नेलं. चमक आरशासारखी होती, पण बोल्टांच्या भोकांत काळा लगदा सुकला होता आणि झाकणावरची उठावाची अक्षरं, दोन-चार आंघोळी झालेल्या साबणाच्या वडीवर दिसतात तशी, कडेने विरघळली होती. मशीनचं असंच असतं. ओरखड्याबरोबर ती अक्षरंही खाते.

मग ती सर्वेशच्या गाडीपाशी आली. इथे अक्षरांच्या कडा शाबूत होत्या. बोल्ट लख्ख होते. उजेड तिरका पडला की अगदी पुसट रेघा दिसायच्या, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या, पुढून मागे. पाणी लावून आधी बारीक पॉलिशपेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही, असं कुणीतरी हाताने केलेलं काम होतं हे. गिअरच्या दांडीखालची बोटभर जागासुद्धा तशीच घासलेली होती. म्हणजे त्या माणसाने दांडी काढून काम केलं आणि परत बसवली.

मशीन हाताशी असलेला माणूस एवढी मेहनत घेणार नाही. आणि विकायला म्हणून गाडी सजवणारा आधी वाईट दिसणारी बाजू हातात घेईल. नयन या दोन्हींतून सुटत होता. पण अमृताला खटकलं ते वेगळंच. लपवाछपवी करणारा माणूस घाईत असतो. इथे घाईचा मागमूस नव्हता. लहान पोराच्या ढोपराची जखम धुवावी, इतक्या सांभाळून कुणीतरी ते झाकण घासलं होतं.

"गाडीजवळ कोण कोण आलं?"

"ऋतुराजभाऊ. योगिनीताईचा नवरा. पोलीस स्टेशनातून टेम्पोत घालून त्यानेच आणली. मंग परत आलेला, भंगारात देऊन टाकू बोलला. ताईने नाय दिली."

"आणखी?"

"काका. सर्वेशचे बाबा." नयनचा आवाज खाली आला. "गाडी त्यांच्या डोळ्यासमोर नको म्हणून ताईने ती इथं ठेवली. तरी यायचे. दुपारचे येऊन गाडीजवळ बसायचे. मी शटर अर्धं ओढून जेवायला जायचो. म्हातारा माणूस, त्याला काय उठा बोलणार?"

"आता येत नाहीत?"

"नाय," नयन म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच काहीतरी जाणवल्यासारखा थांबला. "चार-सहा वेळा आले. मंग एकदम बंद झाले."

३

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत घाडींचं घर होतं. दार योगिनीने उघडलं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. भाऊ गेल्यापासून दिव्याचं घर सोडून ती बापापाशी येऊन राहिली होती, नवरा येऊन-जाऊन होता. विमा कंपनीला पत्र तिनेच लिहिलं होतं. माझा भाऊ घसरणारा नव्हता, त्याला कुणीतरी उडवलं, तुम्ही तरी नीट बघा, असं. पोलिसांनी ऐकून घेतलं नाही म्हणून.

"काही सापडलं का, मॅडम?" तिने दारातच विचारलं.

"बघतेय अजून."

विश्राम घाडी खिडकीपाशी कॉटवर बसले होते. किडकिडीत, वाकलेले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, थंडी वाजत असल्यासारखे. घरात तर उकडत होतं. भिंतीवर सर्वेशचा फोटो होता आणि म्हातारा नेमका त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

योगिनी चहा टाकायला आत गेली. अमृताने स्टूल ओढलं.

"काका, तुम्ही नोकरीला कुठे होतात?"

"इथेच. एमआयडीसीत. नळांची कंपनी होती."

"काम कसलं?"

त्यांनी मांडीखालचे हात आणखी आत सरकवले. मग, "पॅकिंगला."

"सर्वेशला गाडी तुम्हीच घेऊन दिलीत?"

"त्याची त्याने घेतली. जावयाची बघून." विश्रामकाकांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मॅडम, एक सांगू? पोरगं गेलं. आता ते उकरून कुणाचं भलं होणाराय? पोलीस म्हणाले घसरला. घसरला असेल. तुम्ही पण तेच लिहा आणि आम्हाला मोकळं करा."

"योगिनीला तसं वाटत नाही."

"ती लहान आहे."

योगिनी पस्तिशीला आलेली बाई होती. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा म्हाताऱ्याला मांडीखालून हात काढावेच लागले. त्याने बशी बोटांच्या टोकांवर पेलली. अमृताने पाहिलं. नखांच्या कडांना काळपट रेघ होती, साबणाने न निघणारी. आणि बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत.

"वारस म्हणून काकांची ओळख पटवावी लागेल," अमृता सहज बोलल्यासारखं बोलली. "आमच्याकडे अंगठ्याची मशीन असते."

"नाही हो लागत," योगिनी म्हणाली. "बाबांचा अंगठा कुठल्याच मशीनला लागत नाही. रेशनला नाही, बँकेत नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला दर वर्षी डोळ्यांचं मशीन शोधत फिरतो आम्ही. बोटांवर रेषाच नाहीत त्यांच्या."

बशीत चहा सांडला. विश्रामकाकांनी कप खाली ठेवला आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.

पॅकिंगच्या कामात माणसाचे हात राठ होतात. पण बोटांवरच्या रेषा पुसून जातील असं त्या कामात काही नसतं.

४

अमृता जिना उतरली तेव्हा ऋतुराज गाडी स्टँडवर लावत होता. उंच, देखणा माणूस, पण दाढी वाढलेली आणि डोळे आत गेलेले. हातात औषधांची पिशवी होती, सासऱ्यांसाठी आणलेली. ती कोण हे कळल्यावर त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लवकर आटपा, मॅडम. योगिनी झोपत नाहीये. रोज तेच. कोणाची गाडी होती, नंबर काय असेल. कुठून सांगू मी?"

"तुम्ही दोघं ठाण्याहून बरोबर यायचात ना?"

"बऱ्याचदा. त्या दिवशी मी ट्रेनने आलेलो. माझी गाडी सर्व्हिसिंगला होती."

उत्तर तयार होतं आणि त्यात खोट दिसत नव्हती. अमृताचं लक्ष त्याच्या गाडीकडे गेलं. सर्वेशच्याच जातीची, फक्त काळी. पुढे पाय वाचवायला लेगगार्ड बसवलेलं, क्रोमचं. डावीकडचा वाक ऊन खात लखलखत होता. उजवीकडचा वाक मात्र निस्तेज पांढरा दिसत होता.

"हे काय झालं इथे?"

"पार्किंगमध्ये घासलं कोणाचं तरी. ओरखडा दिसत होता, म्हणून सिल्व्हर स्प्रे मारला." तो कसंनुसं हसला. "नीट नाही जमला."

खरंच जमला नव्हता. क्रोम इतकं गुळगुळीत असतं की त्याच्यावर रंग धरत नाही. टायरवरसुद्धा शिंतोडे उडाले होते. अमृता खाली बसली आणि बोलता बोलता, लहान पोर भिंतीचा पोपडा काढतं तसं, तिने नखाने त्या रंगाची कड उचलली. खपली सुटून आली. आतलं तिने पाहिलं आणि बोटाने रंग परत दाबून टाकला.

"निघते मी," ती म्हणाली. "रविवारी सकाळी येईन. घरातली सगळी असू द्या."

रिक्षा स्टँडपर्यंत जाईस्तोवर तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा चेहरा त्याला वाचता आला असता. रंगाखाली ओरखडा नव्हताच. क्रोम अखंड होतं. त्याच्यावर एक करड्या रंगाचा, मऊ, लांबट पट्टा चिकटलेला होता. दुसऱ्या धातूचा.

५

स्टँडवरूनच तिने नयनला फोन लावला.

"ऋतुराजची गाडी सर्व्हिसिंगला तुझ्याकडेच येते ना? दिवाळीनंतर आली होती?"

"भाऊची? नाय. गणपतीच्या आधी आलेली, मंग नाय." मग त्याने विचारलं, "का हो, मॅडम?"

ती फोन ठेवून घरी गेली.

कल्याणला तिची आई, रमाबाई, गॅलरीत मेथी निवडत बसली होती. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. लेकीच्या चेहऱ्यावरून तिचं काम कुठवर आलंय हे रमाबाईला कळायचं.

"सापडलं वाटतं."

"सापडलं, आई. आणि नसतं सापडलं तर बरं झालं असतं." अमृता शेजारी बसली. जुडी पुढ्यात ओढून तीही निवडू लागली. "एका बाईने विचारलंय, माझा भाऊ कसा गेला. ते सांगितलं तर तिचा संसार उठतो. नाही सांगितलं तर जन्मभर ती कुठल्यातरी ट्रकवाल्याला शोधत बसेल."

"विचारलं कोणी? तिनेच ना?"

"तिनेच."

"मग तिला उत्तर दे," रमाबाई म्हणाली. "तिच्या वतीने तू कोण ठरवणार?"

अमृताला हे पटलं. तरी शनिवारभर ती तो फोटो पुढ्यात घेऊन बसली. कारण या गुन्ह्यात दुरुस्त्या दोन होत्या आणि हातही दोन. एक हात अडाणी, भेदरलेला, क्रोमवर स्प्रे मारणारा. दुसरा इतका तयार की झाकणावरचं एक अक्षरही त्याने दुखावलं नव्हतं. अडाणी हाताने असं का केलं हे उघड होतं. तयार हाताने का केलं, ते रविवारी तिला चारचौघांसमोर बोलावं लागणार होतं.

६

रविवारी योगिनी दाराशी बसली, ऋतुराज तिच्यामागे उभा. विश्रामकाका कॉटवर. अमृताने पोलिसांचा फोटो टीपॉयवर ठेवला आणि डाव्या बाजूचा ओरखडा दाखवला.

"हा सर्वेशच्या गाडीवर होता. आता नाही. गाडी नयनकडे आल्यावर तो कुणीतरी हाताने घासून काढला."

"नयनने?" योगिनी ताडकन म्हणाली.

"नयनकडे मशीन आहे. मशीनने अक्षरं झिजली असती."

"मी केलं." विश्रामकाका बोलले. आवाज अगदी सपाट होता. "माझ्या पोराची गाडी आहे. मला ते ओरखडे बघवत नव्हते. बापाने पोराची गाडी साफ केली, यात गुन्हा काय?"

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून त्यांच्यापाशी जाणार, तोच अमृताने विचारलं, "मग काका, उजवी बाजू का सोडलीत?"

खालून भाजीवाल्याची आरोळी आली.

"ज्याला ओरखडे बघवत नाहीत, तो आधी उजवीकडे वळला असता. सगळी खरवडलीय ती बाजू. तुम्ही तिला शिवलासुद्धा नाहीत. एकच झाकण घेतलंत, एकच ओरखडा काढलात आणि गॅरेजात यायचे थांबलात." तिने योगिनीकडे वळून विचारलं, "बाबा कंपनीत कुठल्या खात्यात होते?"

"बफिंगला," योगिनी गोंधळून म्हणाली. "सगळी नोकरी नळ घासण्यात गेली त्यांची. का?"

"मला त्यांनी पॅकिंग सांगितलं."

विश्रामकाका कॉटवरून उतरले. ते चालत येऊन अमृतासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मॅडम, इथे थांबा. पुढचं बोलू नका. पाया पडतो तुमच्या."

अमृताने त्यांचे हात धरले. त्यांच्या खांद्यावरून तिने योगिनीकडे पाहिलं. "सांगू?"

योगिनीने एकवार बापाकडे पाहिलं. मग मागे वळून नवऱ्याकडे. ऋतुराजने चौकट धरली होती. तोंड न वळवताच ती म्हणाली, "सांगा."

"क्रोम कडक असतं आणि इंजिनाचं झाकण ॲल्युमिनियमचं, मऊ. दोन्ही एकमेकांना घासली तर झाकणावर ओरखडा पडतो आणि त्याचं ॲल्युमिनियम क्रोमला चिकटतं. पाटीवर खडू ओढल्यासारखं. ऋतुराजच्या लेगगार्डवर उजव्या बाजूला तसा पट्टा आहे. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या. शेजारीशेजारी लावल्या की त्यांचं लेगगार्ड बरोबर या ओरखड्याच्या उंचीला येतं. तो पट्टा ओरखडा वाटला म्हणून त्यांनी रंग मारला. खरं तर जरा पॉलिश लावून फडक्याने पुसलं असतं, तरी काही उरलं नसतं. त्यांनी ते झाकलं, म्हणूनच ते टिकलं." ती थांबली. "काकांनी तो पट्टा रंग मारायच्या आधीच पाहिला होता. या घरात तेवढं एकट्या त्यांनाच वाचता येत होतं. पण जावयाला पुस म्हणून सांगायचं, तर मला कळलंय हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून त्यांनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. पोराच्या गाडीवरची खूण पुसली."

"गाडी सर्व्हिसिंगला होती ना?" योगिनी म्हणाली. अजूनही ती नवऱ्याकडेच बघत होती.

ऋतुराज खाली बसला, जमिनीवरच, पाठ दाराला टेकवून.

"शीळफाट्यापासून काटईपर्यंत," तो म्हणाला. "आम्ही नेहमी शर्यत लावायचो, कोण आधी. गंमत म्हणून. खोदकामापाशी रस्ता बारीक झाला. मी डावीकडून घुसलो. मला वाटलं तो हळू करेल. त्याला वाटलं असेल मी करेन."

"थांबलास?"

"थांबलो. जरा पुढे जाऊन."

"मग?"

"मागनं टेम्पो आला, लोकं उतरायला लागली. मी घाबरलो, योगिनी. त्याने मान हलवली, मला वाटलं उठेल तो. लोकं आहेत, उचलतील. मी तिथे असून काय वेगळं…"

"बोलला काही?"

ऋतुराजने तोंड हातांनी झाकलं. विश्रामकाका भिंतीकडे वळले. त्यांनी हे विचारलं नव्हतं. विचारायचं धाडसच त्यांना झालं नव्हतं.

"ऋतुराज. बोलला काही?"

"'भावजी' म्हणाला," हातांआडून आवाज आला. "दोनदा."

७

ऋतुराज त्याच दुपारी पोलिसांकडे गेला. कुणी त्याला धरून नेलं नाही. त्याची गाडी जप्त झाली, जबाब झाले आणि काही दिवसांनी जामिनावर तो दिव्याच्या घरी आला. पुरावा पुसला म्हणून विश्रामकाकांवर काय होणार, ते अजून ठरायचं होतं. वकील म्हणत होता की वय बघून सोडतील. म्हाताऱ्याला त्यात काही रस दिसत नव्हता.

शिमग्याच्या सुमारास अमृता डोंबिवलीला गेली. खरं म्हणजे क्लेमचं उरलेलं काम फोनवर होण्यासारखं होतं. विश्रामकाका जेवत होते. योगिनीने त्यांना भात वाढला, वर आमटी घातली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि ती आत गेली. एक शब्द न बोलता. रोज असंच चाललंय, हे दोघांच्या सवयीच्या हालचालींवरून कळत होतं.

"एक गेला होता," म्हातारा ताटाकडे बघत म्हणाला. "दुसरीचं घर तरी उभं राहावं, एवढंच मनात होतं."

"तिला विचारायचं होतंत, काका."

"ती नको म्हणाली असती."

बोलून झाल्यावर म्हाताऱ्यालाच आपण काय बोललो ते उमगलं असावं. त्याने घास परत ताटात ठेवला.

योगिनी तिला सोडायला खाली आली. लॅबची वेळ झाली होती, खांद्याला पर्स होती. दोघी रिक्षा स्टँडपर्यंत चालल्या. मेट्रोच्या खांबांची धूळ दुपारच्या उन्हात तरंगत होती.

"एक विचारू?" योगिनी म्हणाली. "तुम्ही मला आधी एकटीला का नाही सांगितलंत? पत्र मी लिहिलेलं."

हा प्रश्न कधीतरी येणार, हे अमृताला ठाऊक होतं. गोड उत्तर देता आलं असतं.

"भीती वाटली," ती म्हणाली. "वाटलं, तुम्हीही पुसून टाकाल."

योगिनीने पर्सचा पट्टा खांद्यावर वर ओढला. लाल सिग्नल सुटला, गाड्या गेल्या, पुन्हा लाल झाला.

"हो," ती म्हणाली. "टाकलं असतं."

आणि तिने समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.